रोजा सुटतो आणि पोटही सुटते

आमच्या कल्याणच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका रमजान लागला की मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘‘काय हो, तुम्ही महिनाभर दिवसा पाण्याचा थेंबही घेत नाही, मग ईदपर्यंत शर्टाची बटणे कशी ताणली जातात?’’ मी उलट विचारतो, ‘‘काका, तुमची आषाढी कशी झाली?’’ साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, वर वेफर्सचे पाकीट. मग आम्ही दोघेही हसतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने कुणा एका धर्मासाठी रचलेली नाही, यावर आमचे एकमत होते.

गेल्या वर्षी मात्र हा विनोद माझ्याच अंगाशी आला. ईदनंतर थकवा जाईना म्हणून रक्त तपासले. तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा आकडा आला ६.८. हा आकडा ६.५ किंवा त्यापुढे गेला की मधुमेह. माझी उंची पाच फूट सात इंच, वजन ६८ किलो. आजवर मला कुणी जाड म्हटलेले नाही. डॉक्टरांनी कंबरेला टेप लावली आणि आकडा दाखवला : ९६ सेंटिमीटर. म्हणाले, ‘‘तुमचा लठ्ठपणा शर्टाच्या आत आहे, म्हणून दिसत नाही.’’

त्या दिवसापासून रमजानच्या दस्तरखानाकडे आणि एकूणच आपल्या शहरांच्या खाण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हा विषय फक्त रोजेदारांचा नाही. ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या प्रत्येक घराचा आहे.

बारीक दिसणारा लठ्ठपणा

डॉक्टर जे म्हणाले, त्यामागचे संशोधन आपल्या महाराष्ट्रातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा १९९३ पासून अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन येथील बाळे साधारण साडेतीन किलोची. आपली बाळे वजनाने कमी, स्नायूंनी कृश, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकवून ठेवलेली.

२००४ साली याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो आणि आतली गोष्ट वेगळीच असते.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजमाप कडक ठेवले आहे. पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५ झाल्यावर वजन जास्त मानतात. आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायचे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर पोटाभोवतीची चरबी धोक्याची. शिंप्याची टेप घेऊन आज संध्याकाळी घरातल्या सर्वांचा घेर मोजा. अनेक ‘सडपातळ’ माणसे चकित होतील.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले, तेही बीएमआय २५ धरून. शहरांतल्या महिलांत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेले. म्हणजे तिघींत एक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. ही दोन्ही दुखणी हातात हात घालून चालतात.

तेरा तासांची शिस्त, चार तासांची मोकळीक

आता रमजानकडे येऊ. पहाटे सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीचे जेवण. मग तेरा-चौदा तास अन्न नाही, पाणी नाही. सूर्यास्ताला इफ्तार. त्यानंतर रात्रीच्या नमाजला जोडून तरावीह. इतका कडक संयम पाळणाऱ्या माणसाचे वजन उतरायला हवे. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्षही तसाच आहे : महिनाभरात सरासरी थोडे वजन घटते. पण तेच अभ्यास पुढे सांगतात, की काही आठवड्यांत ते परत येते. आणि सरासरीत माझ्यासारखे, उलट वाढवणारेही असतात.

कारण शोधायला संध्याकाळी बाजारात उभे राहावे. मुंब्र्यात अमृतनगर, कौसा, ठाण्यात राबोडी, कल्याणात दूधनाका. मगरिबच्या आधी तासभर कढया पेटलेल्या असतात. समोसे, भजी, कबाब, रोल. आणि रात्री मालपुवा, फालुदा, निहारी. या गल्ल्यांत सर्व धर्मांचे खवय्ये येतात, आणि यावेत. ती आपल्या शहरांची शान आहे. पण एक ढोबळ हिशेब करून पाहू. दोन मोठे समोसे म्हणजे पाचशे कॅलरी. चार भजी दोनशे. गोड सरबताचा मोठा पेला सव्वाशे. नमाजनंतर बिर्याणीचे एक ताट सहाशे. तरावीहनंतर मित्रांबरोबर फालुदा, चारशे. झाल्या अठराशेहून अधिक, चार तासांत. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दिवसभराची गरज सुमारे २,१०० आणि बाईची १,६५० च्या आसपास मानली जाते. सहरी अजून व्हायचीच आहे.

त्यात झोपेचे गणित बिघडते. रात्री एकपर्यंत बाजार, साडेचारला उठणे. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरके जोर धरतात आणि गोड-तेलकट खाण्याची इच्छा बळावते, हे आता विज्ञानाने नीट दाखवले आहे. दिवसा रोजा म्हणून हालचालही मंदावते. उपवास मोठा, पण शिल्लक पुन्हा पोटावर.

महाराष्ट्राला दोन वेळच्या जेवणाची कल्पना नवी नाही. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हे सूत्र घरोघरी पोचवले. आमच्या कार्यालयात तर एकदा एक सहकारी म्हणाला, ‘‘तुमचा रमजान म्हणजे दीक्षित डाएटच की!’’ या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत वाद आहेत, ते असोत. पण जेवणात गोड कमी आणि प्रथिने जास्त हवीत, हेही दीक्षित सांगतात. आपण ‘दोनदा’ लक्षात ठेवतो आणि ‘काय’ हे सोयीने विसरतो. रमजानचेही तसेच झाले आहे. खा-प्या, पण अतिरेक करू नका, असे कुरआनात आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रत्येक मुसलमानाच्या कानावरून गेलेली असते. ‘दोन घास कमी खावेत’ असे माझ्या शेजारच्या आजी त्यांच्या नातवाला सांगतात. शिकवण दोन्ही घरांत आहे. अडते ती कुठे?

सकाळची लोकल आणि रात्रीचा स्वयंपाक

इथे बहुतेक लेख ‘मनावर ताबा ठेवा’ असे सांगून थांबतात. मला ते पटत नाही. जो माणूस तेरा तास पाण्यावाचून राहू शकतो, त्याच्याकडे मनाचा ताबा नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. जी बाई निर्जळी हरितालिका करते, तिच्याकडे निर्धार कमी नाही. तरीही दोघांची वजने वाढतात. म्हणजे कारणे मनाबाहेरही आहेत.

पहिले कारण वेळ. कल्याणहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ५४ किलोमीटर. जलद लोकलनेही तासाहून अधिक, आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा, पुलावरची गर्दी वेगळी. सातला घर सोडणारी डोंबिवलीची बाई रात्री आठला परतते. तिने गाडीत भाजी निवडली, तरी स्वयंपाक उभ्याउभ्याच होतो. भूक लागते ती मात्र सहा वाजता, फलाटावर. तिथे समोर काय असते? वडापाव, समोसा, बिस्किटे, थंड पेय. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर जन्मलेला वडापाव कामगाराचे पोट भरायला आला होता, आणि ते काम त्याने इमानाने केले. पण गिरणीत आठ तास उभा राहणारा कामगार आणि दिवसभर संगणकासमोर बसणारा आजचा नोकरदार यांना एकच खाणे कसे पुरेल? ठाण्याचा वडापाव आणि मिसळ यांवर माझेही प्रेम आहे. आठवड्यातून एकदा खाणे आणि रोज संध्याकाळी नाइलाजाने खाणे यांत फरक आहे.

दुसरे कारण पैसा. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीनुसार शहरी माणसाच्या दरमहा खर्चापैकी दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर जातो. भाज्यांवर चार टक्क्यांपेक्षा कमी, फळांवरही तेवढाच. दहा रुपयांत बिस्किटांचा पुडा येतो, मुलाचे पोट गप्प बसते. दहा रुपयांत एक सफरचंद येत नाही. आणि रमजान लागला की फळांचे भाव कसे चढतात, हे सांगायला नको. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेरबदलात गोड शीतपेयांवर ४० टक्के कर लागला, हे चांगले झाले. पण त्याच वेळी बिस्किटे आणि पाकीटबंद फरसाण पाच टक्क्यांच्या टप्प्यात उतरले. लठ्ठपणा हा फक्त श्रीमंतांचा आजार, ही समजूत आता सोडायला हवी. स्वस्त पोटभर अन्न म्हणजे मैदा, साखर आणि तेल. गरिबाच्या वाट्याला तेच जास्त येते.

तिसरे कारण जागा. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा तलावाभोवती, उपवनला, येऊरच्या वाटेवर पहाटे चालणारे दिसतात. कल्याणला काळा तलाव आहे, डोंबिवलीत सावळाराम क्रीडासंकुल. पण मुंब्र्याच्या दाट वस्तीतल्या बाईने चालायचे कुठे? पदपथावर दुकाने, रस्त्यावर रिक्षा. मुलींना तर मैदानात पाय ठेवायलाही धीर लागतो. ‘परचम’ संस्थेने मुंब्र्यातल्या मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले, तेव्हा त्याची बातमी झाली. मुलींनी चेंडू खेळणे ही बातमी व्हावी, यातच आपल्या शहराची अडचण कळते.

ताट बदलले, आपण पाहत राहिलो

माझी आजी भिवंडीजवळच्या गावातली, कोकणी मुसलमान. तिच्या रमजानात इफ्तारला खजूर, पाणी आणि लिंबू-मीठ लावलेली भिजवलेली चण्याची डाळ असे. नमाजनंतर तांदळाची भाकरी, खाडीची मासळी, कधी कुळथाची पिठी. तळण शुक्रवारी, नाहीतर पाहुणे आले तर. आगरी, कोळी, ब्राह्मण, कुणबी, सगळ्यांच्याच घरात तळण सणाला असे, कारण तेल महाग होते. आता तेलाची पाच लिटरची कॅन घरात असते आणि सण रोज असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असे त्यांत नमूद आहे. साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमपर्यंत ठेवा, असा सल्ला आहे. गोड शीतपेयाच्या तीनशे मिलीलिटरच्या एका बाटलीतच साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा वाटा संपला. इफ्तारचे सरबत, चहा, मिठाई सगळे उसने.

तळणाबद्दल आणखी एक गोष्ट. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात घातक घटक तयार होतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. नियम चांगला आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत काळ्या पडलेल्या कढईजवळ तपासनीस उभा राहिलेला मी तरी पाहिलेला नाही.

हिणवू नका

या विषयातली सर्वांत दुखरी बाजू आकड्यांत दिसत नाही. आमच्याच इमारतीतली एक मुलगी, सातवीतली, संध्याकाळी खाली खेळायला यायची बंद झाली. मुलांनी तिला ‘जाडी’ हे नाव ठेवले होते. खेळ सुटला, घरात मोबाइल आला, वजन आणखी वाढले. ज्या टोमण्याने तिला ‘सुधारायचे’ होते, त्यानेच तिची उरलीसुरली हालचाल बंद केली. आणि ते नाव मुलांनी आमच्याच तोंडून ऐकले होते. लग्नाघरात, पाहुण्यांत, ‘खाते काय गं तू?’ असे आम्हीच म्हणतो.

लठ्ठपणात आनुवंशिकता असते, थायरॉइड आणि पीसीओडीसारख्या तक्रारी असतात, काही औषधेही वजन वाढवतात. आईच्या गर्भात असताना मिळालेल्या पोषणाचाही वाटा असतो, हे याज्ञिकांच्या अभ्यासातून दिसतेच. जाड माणूस म्हणजे आळशी किंवा अधाशी, हा निवाडा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याला मदत हवी असते. टोमणे त्याला आधीच भरपूर मिळालेले असतात.

काय करता येईल?

घरापासून सुरुवात करू. यंदा आमच्याकडे इफ्तारला खजूर, पाणी, फळांच्या चार फोडी आणि उकडलेले चणे. मग नमाज. वीस मिनिटांनी पोटाला कळते की भूक किती होती. मग जेवायला बसतो. तळण आठवड्यातून दोनदा, सरबतात साखर निम्मी. सहरीला भाकरी, अंडी किंवा डाळ आणि दही. मुलांनी पहिले तीन दिवस तोंडे वाकडी केली, चौथ्या दिवशी विसरली. माझी कंबर दोन सेंटिमीटर कमी झाली आहे. चमत्कार नाही, पण दिशा आहे. एक इशारा : मधुमेह, रक्तदाबाची औषधे चालू असतील तर रोजा असो की नवरात्र, उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

दुसरे, दानाचा विचार. रमजानात जकात आणि मदतीतून गरीब घरांना शिध्याच्या पिशव्या जातात : तांदूळ, साखर, तेल, शेवया. देणाऱ्याची नियत नेक असते. पण साखर निम्मी करून तिथे डाळ, चणे, शेंगदाणे घातले तर त्याच पैशांत घेणाऱ्याचे महिनाभराचे आरोग्य सुधारेल. हीच गोष्ट गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आणि भंडाऱ्यालाही लागू आहे. पुण्य तेवढेच मिळेल, साखर कमी लागेल.

तिसरे, पालिकांचे काम. डोंबिवली-ठाण्याने महाराष्ट्राला पोळीभाजी केंद्र नावाची मोठी सोय दाखवली. घरच्या बायकांनी केलेली पोळी, भाजी, आमटी. थकून आलेल्या माणसाला परवडणाऱ्या दरात. अशा केंद्रांना, बचत गटांना स्टेशनजवळ हक्काची जागा का मिळू नये? वडापावच्या गाडीशेजारी उकडलेले चणे, काकडी, ताक, फळे मिळाली, तर निवड करायला काहीतरी असेल. आज निवडच नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पदपथ मोकळे करावेत, मुंब्र्यात बायका-मुलींना चालण्या-खेळण्यासाठी राखीव वेळेची मैदाने द्यावीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. आपल्या पालिका शाळांनाही ते करता येईल, खर्च एका तक्त्याचा आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर पुढच्या बाजूला ठळक इशारा छापण्याची चर्चा तर वर्षानुवर्षे चालली आहे. ती आता संपावी आणि नियम यावा.

यंदा गुढीपाडवा आणि ईद एकाच आठवड्यात येत आहेत. फडके रोडवर शोभायात्रा निघेल, घरोघरी श्रीखंड-पुरी होईल. दोन दिवसांच्या अंतराने आमच्याकडे शीरखुर्मा शिजेल. श्रीखंडाची वाटी वर येईल, शीरखुर्म्याची खाली जाईल. ती जायलाच हवी. सणाचे गोड सणाला खावे, मनापासून खावे. आपला घोटाळा सणाच्या वाटीने झालेला नाही. सणासारख्या झालेल्या रोजच्या मंगळवार-बुधवारांनी झाला आहे.

परवा काकांना मी टेप दिली. त्यांचा घेर ९८ भरला. आता तरावीहनंतर मी मशिदीतून परत येतो तेव्हा ते फाटकाशी उभे असतात. काळ्या तलावाला एक फेरी मारून आम्ही घरी येतो. फालुद्याचे दुकान वाटेतच आहे. अजून तरी आम्ही एकमेकांना धरून पुढे नेतो.